बुसोगातली आमची शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही मराठी कुटुंबं पूर्व युगांडात राहतो, काही जण राहून परत गेलेत. बहुतेक जण साखर कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे आलो. कुणी केमिस्ट, कुणी इंजिनिअर, कुणी ऊस विकास खात्यात. आमच्या वसाहतीपासून बोडाबोडाने, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलने, अर्ध्या तासावर एक सरकारी प्राथमिक शाळा आहे आणि काही वर्षांपासून तिचं काम आम्ही सगळे मिळून करतो. मेळाव्यात, फोनवर, सुट्टीत घरी गेल्यावर तेच तेच प्रश्न विचारले जातात. दरवेळी घाईत अर्धवट उत्तर द्यावं लागतं आणि मग मनाला लागून राहतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिलं आहे.

ही शाळा नक्की कुठे आहे?

युगांडाच्या पूर्वेला बुसोगा नावाचा भाग आहे. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल जिथे बाहेर पडते ते जिंजा शहर याच भागात. इथल्या लोकांना बासोगा म्हणतात आणि त्यांच्या भाषेला लुसोगा. डांबरी रस्ता सोडला की लाल मातीचे रस्ते लागतात. त्यांना इथले लोक ‘मरम’ म्हणतात. मुरमाच्या रस्त्यावर लहानाचे मोठे झालेल्या आम्हाला तो शब्द पहिल्याच दिवशी कळला.

शाळा पहिली ते सातवीपर्यंत आहे. युगांडात प्राथमिक शिक्षण सात वर्षांचं असतं. वर्गांना पी-वन, पी-टू असं म्हणतात आणि पी-सेव्हनच्या शेवटी पीएलई नावाची बोर्डाची परीक्षा असते. खालच्या तीन वर्गांत स्थानिक भाषेत शिकवतात, चौथीत हळूहळू इंग्रजी येतं आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीत.

शाळेचं नाव का सांगत नाही?

मुलांमुळे. इथे मुलींच्या अडचणींबद्दल लिहिलं आहे, शाळा सोडून उसात जाणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं आहे. गावाचं नाव घातलं तर ही मुलं कोण ते दोन मिनिटांत ओळखता येईल. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटोही आम्ही कुणाला पाठवत नाही. आपल्या लेकराचा फाटक्या गणवेशातला फोटो कुणी परदेशात दाखवून पैसे गोळा केले, तर आपल्याला चालेल का? देणगीदारांना आम्ही दाराचे, टाकीचे, पावतीचे फोटो पाठवतो. त्यातून कामाचं सगळं कळतं.

आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळा सोडून युगांडातल्या शाळेला मदत कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. आमच्यातले कितीतरी जण स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. गावाकडच्या शाळेसाठी ते आजही जमेल तसं करतात आणि करत राहतील.

पण आमचं घर सध्या इथे आहे. आमची भाजी या गावातून येते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांची मुलं या शाळेत जातात. आणि आमचा पगार उसातून येतो, ज्या उसामुळे या शाळेचे वर्ग हंगामात रिकामे होतात. एवढं डोळ्यांसमोर असताना मदत फक्त आपल्या देशातच करायची म्हणून गप्प बसणं आम्हाला जमलं नाही. जिथलं मीठ खातो तिथलं देणं लागतो, असं आमच्या आयांनीच आम्हाला शिकवलंय.

मुलं खरंच उसाच्या कामाला जातात?

जातात. बुसोगात गेल्या काही दशकांत ऊस खूप पसरला. कारखान्यांना ऊस घालणारे हजारो छोटे शेतकरी आहेत आणि तोड, खुरपणी, ट्रक भरणं यासाठी रोजंदारीने माणसं लागतात. दहा-बारा वर्षांचा मुलगा या कामाला सहज लागतो, कारण त्याला मजुरी कमी दिली तरी चालते. दुसरं असं की ऊस शेतात दीड वर्षाच्या आसपास उभा राहतो. एकरभर जमिनीत पूर्वी मका, बीन्स, रताळी निघायची तिथे ऊस लावला की घरात खायला विकत आणावं लागतं, आणि पैसा तर दीड वर्षाने एकदा येतो. मधल्या काळात घर चालवायला पोरगं कामाला जातं.

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांची मुलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माझ्या यजमानांचं बालपण बीड जिल्ह्यात गेलं. दिवाळीनंतर वर्गातली अर्धी पोरं कोयत्याबरोबर निघून जायची आणि बाक रिकामे राहायचे, हे ते अजून सांगतात. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी पाचवीच्या वर्गात त्यांना तेच दिसलं आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. कामाची सुरुवात खरी तिथून झाली.

शाळेला चांगली खोली आणि संडास मिळाला म्हणून गरिबी संपत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण मूल आज शाळेत जाईल की उसात, हा निर्णय रोज सकाळी घराघरात होत असतो. शाळेत दुपारी गरम खायला मिळतं, प्यायला पाणी आहे, मुलीला आडोसा आहे, एवढं जरी असलं तरी पारडं शाळेकडे झुकतं. आम्ही करतो ते सगळं काम एवढ्यासाठीच आहे.

तिथे शिक्षण मोफत आहे ना? मग सरकार काय करतं?

युगांडाने १९९७ साली सर्वांसाठी मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९९६ मध्ये देशभरात साधारण ३१ लाख मुलं प्राथमिक शाळेत होती, पुढच्याच वर्षी ती ५३ लाखांवर गेली. इतक्या गरीब देशाने हे धाडस केलं याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एका वर्षात इतकी मुलं आली आणि खोल्या, बाक, शिक्षक, संडास मात्र त्या वेगाने वाढले नाहीत. ती तूट अजून भरून निघालेली नाही. पी-वनच्या एका वर्गात शंभराच्या वर मुलं बसलेली आजही दिसतात, आणि पहिलीत आलेल्यांपैकी निम्मीही सातवीच्या परीक्षेपर्यंत पोचत नाहीत.

शिक्षकांचे पगार सरकार देतं. शिवाय दर मुलामागे वर्षाला ठरावीक अनुदान येतं, पण त्यात खडू, वह्या, परीक्षा, खेळ आणि डागडुजी सगळंच भागवायचं असतं. छप्पर उडालं तर त्यातून काही होत नाही.

वर कोविड आला. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडल्या १० जानेवारी २०२२ ला. इतका लांब बंद जगात दुसरीकडे कुठे क्वचितच झाला असेल. दोन वर्षांत मुली आया झाल्या, मुलगे ट्रकवर ऊस भरायला लागले. आवारात कमरेएवढं गवत होतं आणि दारांच्या चौकटी वाळवीने खाल्ल्या होत्या.

सगळ्यात आधी काय केलं?

संडास. देणगीदारांना रंगवलेली वर्गखोली आवडते, संडासाचा फोटो कुणाला नको असतो. पण मुख्याध्यापकांना विचारलं तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार न करता हेच सांगितलं.

युगांडाच्या सरकारी निकषाप्रमाणे ४० मुलांमागे एक संडास हवा. म्हणजे ५०० मुलांच्या शाळेला तेरा. आम्ही गेलो तेव्हा सहा होते, त्यातले दोन काठोकाठ भरलेले. मुलं मागच्या कसावाच्या शेतात जात होती.

इथे फ्लशचे संडास चालत नाहीत, कारण तेवढं पाणीच नाही. त्यामुळे खड्ड्याचे संडास, पण हवा खेळती राहील असे. ही रचना १९७० च्या दशकात झिम्बाब्वेत तयार झाली. खड्ड्यातून एक जाड नळी छपराच्या वर काढायची आणि तिच्या तोंडावर बारीक जाळी बसवायची. वरून वाहणारा वारा आणि उन्हाने तापणारी नळी यांमुळे खड्ड्यातली हवा वर ओढली जाते आणि वास आत येत नाही. माश्या उजेडाकडे जातात. आत अंधार असला की त्यांना उजेड फक्त नळीच्या तोंडाशी दिसतो, तिथे जाळी असते आणि त्या तिथेच मरतात. म्हणून आत थोडा अंधार ठेवावाच लागतो. हे माहीत नसलं की कुणीतरी दयेपोटी मोठी खिडकी पाडतं आणि सगळी रचना वाया जाते.

खड्डा आतून विटांनी बांधून काढायचा. खर्च वाढतो, पण बांधलेला खड्डा भरला की उपसता येतो. न बांधलेला भरला की सोडून द्यायचा आणि शेजारी दुसरा खणायचा. शाळेच्या आवारात अशी जागा किती वेळा मिळणार?

आमची एक चूक सांगते. पहिल्या खेपेला सगळं नीट बांधलं, लोखंडी दारं बसवली, आतून कड्या लावल्या. दोन महिन्यांनी गेले तर मुलींच्या संडासापुढे जोड्या दिसायच्या. एक आत, एक बाहेर दार ओढून धरून उभी. मला वाटलं, मैत्रिणी आहेत. मग पी-टू मधल्या एका चिमुरडीने हात वर करून दाखवलं: तिची बोटं कडीच्या वीतभर खाली थांबत होती. कड्या मिस्त्रीने स्वतःच्या खांद्याच्या उंचीवर लावल्या होत्या आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून कुठलीही वस्तू बसवण्याआधी शाळेतलं सगळ्यात बुटकं मूल आणि सगळ्यात उंच मूल दोघांना तिथे उभं करतो.

मोठ्या मुलींसाठी वेगळी सोय आहे का?

आहे. मुलींच्या संडासाला लागून एक बंद न्हाणीघर बांधलंय. त्यात पाणी, साबण, कपडे अडकवायला खिळा आणि वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा. युगांडात प्रत्येक शाळेत एका शिक्षिकेकडे मुलींची जबाबदारी असते, तिला ‘सीनियर वुमन टीचर’ म्हणतात. किल्ली तिच्याकडे. धुऊन पुन्हा वापरायचे कापडी पॅड युगांडातच बनतात, तेच घेतो. ते शिवायला मुलींना आणि मुलग्यांनाही शिकवलं जातं. मुलगे चिडवतील अशी भीती होती. ज्याने स्वतः पॅड शिवलाय तो चिडवत नाही, असं त्या बाईंचं म्हणणं होतं आणि ते खरं निघालं.

पाणी कुठून येतं?

शाळेपासून थोड्या अंतरावर बोअर आणि हातपंप आहे. गाव आणि शाळा दोघांचा मिळून. पिवळे जेरीकॅन रांगेत लावलेले असतात. लहान मुलं पाच लिटरचा आणतात, मोठी वीस लिटरचा डोक्यावर घेतात.

या पंपाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण हा पंप आपल्याला परका नाही. युगांडात जो प्रमाणित हातपंप वापरतात त्याला यू-टू म्हणतात आणि तो इंडिया मार्क टू या पंपावरून घेतलाय. इंडिया मार्क टू चं मूळ महाराष्ट्रात आहे. घरगुती वापरासाठीचे बिडाचे पंप गावाने दिवसभर हापसले की मोडायचे. म्हणून जालना आणि सोलापूर इथल्या मिशनमधल्या लोकांनी पोलादी, मजबूत पंप तयार केले. १९७० च्या दशकात सोलापूर पंपावरूनच सरकार आणि युनिसेफ यांनी इंडिया मार्क टू घडवला आणि तो पुढे आफ्रिकेत पोचला. आपल्या दुष्काळी भागाच्या गरजेतून जन्मलेलं यंत्र बुसोगातल्या मुली हापसतात. हे कळलं त्या दिवशी मी त्या दांड्याला हात लावून बराच वेळ उभी होते.

आता अडचणीचं. इथे बऱ्याच ठिकाणी भूजल किंचित आम्लधर्मी असतं आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप त्यात गंजतात. काही वर्षांत पाणी लालसर येतं, चहा काळा पडतो, कपड्यांवर डाग पडतात. लोकांना वाटतं पाणीच खराब आहे, आणि ते पुन्हा ओढ्याकडे वळतात. आमच्या पंपाचंही तेच झालं. पाणी तपासलं तर पाणी चांगलं होतं, पाइप सडले होते. स्टेनलेस स्टीलचे घातले आणि पाणी स्वच्छ झालं. कुणी नवीन बोअर मारून द्यायला निघालं असेल तर आधी जुना का बंद पडला ते बघा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. नवीन बोअरच्या उद्घाटनाला सगळे येतात. वॉशर बदलायला कोण येणार, हे आधी ठरायला हवं. आमच्याकडे गावाची पाणी समिती आहे, घरटी थोडे शिलिंग जमा होतात आणि तालुक्यातला पंप मिस्त्री ठरलेला आहे. त्याचा फोन नंबर पंपाच्या कट्ट्यावरच सिमेंट ओलं असताना कोरून ठेवलाय.

पावसाचं पाणी साठवता का?

हो, आणि हे काम सगळ्यात समाधानाचं. बुसोगात वर्षातून दोनदा पाऊस येतो, एक मार्च ते मेच्या सुमारास आणि दुसरा साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आपलं छप्पर ८ बाय २० मीटरचं, म्हणजे १६० चौरस मीटर. गळती, उडणं धरून त्यातलं ८० टक्के हाती लागतं असं समजा. तर १०,००० लिटरची टाकी भरायला ७८ मिलिमीटर पाऊस पुरतो. ५०० मुलांना दिवसाला लिटरभर, प्यायला आणि हात धुवायला, धरलं तर तेवढं पाणी वीस दिवस जातं.

पहिल्या पावसाची धूळ आणि पक्ष्यांची घाण टाकीत जाऊ नये म्हणून सुरुवातीचं पाणी बाजूला काढणारी नळी लागते. नळाखाली खड्डा नको, नाहीतर चिखल होतो आणि डास होतात. टाकी सिमेंटच्या भक्कम ओट्यावर हवी. एवढं सांभाळलं की टाकी वर्षानुवर्षं काम करते.

हात धुवायला महागडं बेसिन लागत नाही. दोन काठ्या, दोरी, भोक पाडलेला छोटा जेरीकॅन. पायाने काठी दाबली की कॅन वाकतो आणि पाण्याची धार येते. मुलं स्वतः करतात. मोडला तर दुसऱ्या दिवशी नवा.

वर्गखोल्यांमध्ये काय सुधारणा केल्या?

आधी जमीन. हे ऐकून लोक गोंधळतात. मातीच्या धुळीच्या जमिनीत जिगर नावाची बारीक पिसू असते. ती अनवाणी पायात, विशेषतः नखांच्या कडेला, कातडीत शिरते आणि तिथेच अंडी धरून फुगते. पाय ठणकतो, चिघळतो. पहिलीतला एक मुलगा टाचांवर चालत यायचा, बोटं जमिनीला टेकवायचाच नाही. त्याच्या पायाची बोटं मी जवळून पाहिली आहेत. प्रत्येक नखाशेजारी पांढरा ठिपका आणि मध्ये काळा बिंदू. वर्गात सिमेंटचा कोबा केला, रोज पाणी मारून झाडायला लागलो आणि त्या वर्गातला त्रास खूप कमी झाला. घरची जमीन मातीचीच आहे त्यामुळे तो पूर्ण गेला असं म्हणता येत नाही.

मग छप्पर. पत्रा विकत घेताना गेज बघावा लागतो. आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ. आम्ही २८ गेज सांगितला होता, दुकानातून आला ३० चा, आणि वरचा शिक्का मात्र २८ चा. आमच्यातल्या कारखान्यातल्या एकाने मायक्रोमीटर लावला म्हणून कळलं. माल परत केला. पत्र्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे छपराचं लाकूड भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी घट्ट बांधणं. इथली वादळं छप्पर अख्खं उचलून नेतात. लाकडाला वाळवीचं औषध न मारता वापरू नका.

पावसात पत्र्याचा आवाज इतका होतो की शिकवणं थांबवावं लागतं. बाईंचे ओठ हलताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. दोन खोल्यांना पत्र्याखाली छत घातलंय, बाकीच्या राहिल्यात. बाक तीन मुलांचे केले, गावातल्याच सुताराकडून. फळा भिंतीवर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून काळा रंगवतात, तो दर दोन वर्षांनी रंगवायचा.

एखादी खोली बांधून द्यायला किती वेळ लागतो?

बांधायला तीन-चार महिने. त्याआधीच्या कागदांना त्याहून जास्त. इथल्या पुष्कळ सरकारी शाळा मुळात चर्चने किंवा मशिदीने सुरू केलेल्या असतात आणि जमीन अजून त्यांच्याच नावावर असते. म्हणून जमीन कुणाची, हद्द कुठवर, याचा लेखी कागद आधी हातात घ्या. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची संमती हवी, जिल्ह्याच्या इंजिनिअरकडून नकाशा मंजूर हवा. याला कंटाळून कुणी परस्पर बांधकाम केलं तर ती खोली शाळेच्या दप्तरात येत नाही आणि तिच्यासाठी शिक्षक मिळत नाही.

वीज पडण्याची भीती खरी आहे का?

हो. व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर जगातल्या सर्वाधिक विजा पडणाऱ्या भागांपैकी आहे. जून २०११ मध्ये किर्यांडोंगो जिल्ह्यातल्या रुन्यान्या प्राथमिक शाळेवर वीज पडून १८ मुलं गेली. नवीन खोली बांधताना वीजवाहक बसवणं आम्ही सक्तीचं धरतो. तांब्याची तार भंगारासाठी चोरीला जाते, म्हणून जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत ती नळीत घालून भिंतीत पुरतो. आणि वर्षातून एकदा तपासतो, कारण तुटलेली तार असून नसल्यासारखीच.

दुपारचं जेवण कोण देतं?

इथे आपल्यासारखी सरकारी पोषण आहार योजना नाही. २००८ च्या शिक्षण कायद्याने मुलाचं जेवण ही पालकांची जबाबदारी ठरवली आहे. हंगामात पालक मका आणि बीन्स शाळेत आणून देतात. ज्यांना जमत नाही ते लाकूड फोडतात, पाणी भरतात. मक्याच्या पिठाची पातळ पेज सकाळी आणि जमेल तेव्हा दुपारी पोशो-बीन्स. पोशो म्हणजे मक्याचं पीठ घट्ट उकडून केलेलं अन्न. ते हाताने मोडून बीन्सच्या रश्श्यात बुडवून खातात.

आम्ही अन्न विकत देत नाही. बांधीव चूल बांधून दिली, तिला तीन दगडांच्या चुलीपेक्षा खूप कमी लाकूड लागतं आणि धूर नळीतून बाहेर जातो. आणि धान्याची कोठी दिली, जमिनीपासून उंच, कोरडी. मका ओलसर राहिला की त्याला बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. मका पुरता वाळला की नाही ते स्वयंपाकीण मावशी दाणा दाताखाली फोडून बघतात. कोठीच्या दारात उभ्या राहून त्या पोतं परत पाठवतात तेव्हा कुणी वाद घालत नाही.

आमच्याकडची जुनी पुस्तकं, कपडे, खेळणी पाठवू का?

कृपा करून नको. वाईट वाटून घेऊ नका. जहाजाचं भाडं, बंदर, कर हे सगळं धरलं तर त्या पैशात कंपालात इथल्या अभ्यासक्रमाची नवी पुस्तकं येतात. पाहिजेत ती लुसोगातली गोष्टींची पुस्तकं, आणि ती इथेच छापतात. गणवेश गावातली शिवणकाम करणारी बाई शिवते. तिचं काम आपण का काढून घ्यायचं?

संगणक?

अजून नाही. आधी दारं, पाणी, छत.

सुट्टीत येऊन रंगकाम, बांधकाम करता येईल का? मुलांना शिकवता येईल का?

भेटायला जरूर या. मुलं “मुयिंदी, मुयिंदी” म्हणत मागे धावतील, म्हणजे भारतीय आले, भारतीय आले. शिक्षकांना भेटा, गावातल्या मंडळींबरोबर बसा, पोशो खा, आणि निघताना “वेबाले” म्हणा, म्हणजे धन्यवाद.

पण विटा रचायला येऊ नका. गावात फुंडी आहेत. फुंडी म्हणजे मिस्त्री, कारागीर. त्यांना मजुरी मिळाली की त्यांच्या मुलांची फी आणि औषधं होतात, आणि भिंतीला तडा गेला तर तेच दुरुस्त करायला असतात. आठवडाभर शिकवून निघून जाणं तर मुलांच्या दृष्टीनेही चांगलं नाही. जीव लावतात आणि मग रोज विचारतात, त्या ताई कधी येणार. काही येत असेल तर इथल्या लोकांना द्या. आमच्या गटातल्या एका निवृत्त अकाउंटंट काकांनी मुख्याध्यापकांना आणि समितीच्या खजिनदार बाईंना हिशेबाची वही ठेवायला शिकवलं. आठ दिवसांत झालेलं ते काम आजही उपयोगी पडतंय.

पैसे नीट वापरले जातात हे कशावरून?

युगांडानेच यावर जगाला एक धडा दिलाय. १९९१ ते ९५ या काळातल्या एका पाहणीत असं दिसलं की शाळांसाठी निघालेल्या अनुदानापैकी सरासरी फक्त १३ टक्के रक्कम शाळांपर्यंत पोचत होती. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली आणि शाळांना आलेली रक्कम फलकावर लावायला सांगितली. २००१ पर्यंत पोचणारी रक्कम ८० टक्क्यांच्या आसपास गेली.

आम्ही तेच करतो. आलेला प्रत्येक शिलिंग मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लिहिला जातो: किती आले, कशावर गेले, किती उरले. लुसोगात आणि इंग्रजीत. रोकड कुणाच्या हातात देत नाही, दुकानदाराला थेट बँकेतून जाते. सही समितीच्या दोघांची लागते, त्यातली एक पालक बाईची. तो फळा वाचायला शनिवारी बाजाराला आलेली माणसं थांबतात, बोट ठेवून आकडे वाचतात. त्याहून कडक लेखापरीक्षण मला माहीत नाही.

भारतातून देणगी कशी द्यायची? ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळते का?

मिळत नाही. ती सवलत भारतात नोंदलेल्या संस्थांना दिलेल्या देणगीवर असते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशात पाठवता येते आणि देणगी त्यात बसते. बँकेत ए-टू फॉर्म आणि पॅन लागतो. भारतातल्या एखाद्या ट्रस्टने मात्र परदेशात खर्च करायचा तर करमाफी टिकण्यासाठी आयकर खात्याची खास मंजुरी घ्यावी लागते, म्हणून आम्ही ट्रस्टकडून पैसे घेत नाही. छोटी रक्कम पाठवायची असेल तर बँकेचं शुल्कच त्यात जातं. अशा वेळी मी मनापासून सांगते, ते पैसे तुमच्या गावच्या शाळेच्या संडासाला द्या. कडी लहान मुलांच्या उंचीवर लावा.

हे किती वर्षं चालणार? तुम्ही परत गेल्यावर काय?

आमच्या नोकऱ्या कंत्राटी आहेत. दोन-तीन वर्षांनी कुणी ना कुणी सामान बांधतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम ठेवला: जे गावाला आमच्याशिवाय चालवता येणार नाही ते बांधायचंच नाही. टाकीचा नळ जिंजाच्या दुकानात मिळतो तोच. पंपाचे सुटे भाग तालुक्यात मिळतात तेच. दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात समितीचे लोक, दोन शिक्षक आणि पी-सेव्हनची चार मुलं मिळून सगळ्या आवारात फिरतात आणि मोडलेलं वहीत लिहितात. मागच्या सत्रात मी भारतात होते. फेरीचा फोटो फोनवर आला. वहीत लिहिलं होतं: एक बिजागरी, दोन कौलं स्वयंपाकघराची, मुलींच्या संडासाच्या तिसऱ्या दाराची कडी. शेवटच्या ओळीपुढे खूण केलेली होती आणि खाली मुलीच्या अक्षरात: बसवली, पी-वनचा हात पोचतो.